मोहरीतला रवा

१४ सप्टेंबर, सेलम

ही डायरी जानेवारीत बँकेतून फुकट मिळाली. प्रत्येक पानावर वर तमिळमध्ये काहीतरी छापलंय. सहा वर्षं इथं राहून मला त्यातलं एक अक्षर येत नाही. आज लिहायला घेतलं, कारण बोलायला कोणी नाही आणि तोंडात सकाळपासून गोडसर घाण चव आहे, पैसा चोखल्यासारखी.

चार दिवसांपूर्वी दुकानाची फरशी उखडली. प्रदूषणवाले नोटीस लावून गेले, जागेच्या मालकीणबाईनं जागा सोडा म्हणून सांगितलं. सहा वर्षं मी ह्या खोलीत बसून सोनारांचं जुनं सोनं वितळवलं, तेजाबात धुतलं, शुद्ध करून दिलं. गावाकडं म्हणतात, कृष्णातचा हात सोन्यात हाय. हात तेजाबात होता. लाल धूर उठायचा, तो नाकातून डोक्यात जायचा, मग रात्रभर ढेकर त्याच वासाचे. अशा धुरात आमच्याच गावचे, दुकानाचे मालक शेठ चहा पीत बसायचे आणि बिस्किट बुडवून खायचे. मला ते बघवायचं नाही.

फरशीखालची माती म्हणजे सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्याचा गल्ला. सोन्याचा चुरा, रवे म्हणजे बारीक दाणे, फटीतून खाली जातात. ती माती आम्ही धुतली, शिशाबरोबर भट्टीत घातली. शिसं सोन्याला गोळा करतं, आणि मग शिसं उडवून लावायचं, सोनं मागं उरतं. असं तीन दिवस चाललं. मग उरली काळपट, तेलकट माती. हंबीरराव शेठ कमरेवर हात ठेवून म्हणाले, "किष्ण्या, ही बसल्या जागेची माती. सहा वर्षं हितं बसलास. रिवाजानं आता ती तुझी."

"शेठ, हिच्यात काय ऱ्हायलंय?"

"रवा-दोन रवे असत्यात कायम. माझ्या थोरल्या चुलत्यानं मला अशीच दिली हुती. अजून परसात हाय. लक्ष्मी हाय ती. बाहेर टाकायची न्हाई, दुसऱ्याला द्यायची न्हाई."

अकरा पोती भरली. खोटं कशाला लिहू, मला लय आनंद झाला.

५ ऑक्टोबर, गाव

शेठचं सामान ज्या टेम्पोतून आलं त्यातच माझी पोती आली. कडेगावच्या स्टँडवरून मी वर बसूनच आलो, म्हणजे कोणी एखादं पोतं उतरवून घेऊ नये. रस्त्याच्या वर ऊस, खाली ऊस, मध्ये धुळीत मी आणि माझी लक्ष्मी.

आईनं दारातच पोत्यांना हळदकुंकू लावलं. आबा गेल्यापासून ती कशालाही हळदकुंकू लावते, परवा नव्या मिक्सरलाही लावलं.

घरात ताई आलेली आहे. ताई म्हणजे थोरली बहीण, दीपमाला. दाजी फौजेत आहेत. दोन वर्षं दोघं पंजाबात फॅमिली क्वार्टरमध्ये होते. आता दाजींची बदली वर, बर्फात झाली, क्वार्टर सोडावं लागलं. ताईला चौथा महिना आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून कराडजवळ मलकापूरला सासरी दोन दिवस राहून सरळ इकडंच आली. लग्नानंतर आठ वर्षांनी पहिल्यांदा दिवस गेलेत. आई तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही.

ताई मला म्हणाली, "किष्ण्या, किती वाळलास रं. आन् हिरड्या काळ्या कशानं? मिश्री लावतोस व्हय बायांगत?"

मी म्हणालो, तिकडलं पाणी तसलं आहे.

शेठ म्हणालेत, नवी जागा मिळाली की फोन करतो, आसामात नाहीतर बिहारात. तोपर्यंत मी काय करू ह्या गावात? दोन दिवसांत पारावरची सगळी तोंडं बघून झाली. सगळे एकच विचारतात, कवा आलास, कवा जाणार.

१९ ऑक्टोबर

परतीच्या पावसानं पोती फाटली. तेजाबानं सुतळी आधीच खाल्ली होती. मी तासगावला एका मित्राकडं गेलो होतो. परत येऊन बघतो तर आईनं सगळी माती मोरीच्या मागं पसरून, सारखी करून, चार वाफे पाडलेले.

"आई, त्यात सोन्याचा रवा हाय."

"मग जमिनीतच हाय की. पळून जातंय व्हय? तुला पायजे तवा खणून घे."

"आन् हितं लावणार काय?"

ताई हसायला लागली. तिला डोहाळे लागलेत मोहरीच्या पाल्याचे. पंजाबात शेजारची सरदारीण करून घालायची म्हणे, मोहरीचा पाला तास-तास घोटायचा, वर लोण्याचा गोळा. येताना तिनं बी आणलंय पुडीत बांधून.

आई म्हणाली, "मोहरी फोडणीला घालत्यात. भाजी कुणी खातं व्हय मोहरीची?"

"फौजी खात्यात."

"फौजी काय, सापबी खात्यात. पर प्वॉर मागतंय म्हटल्यावर घालाय पायजे."

दोन वाफ्यांत मोहरी, दोन वाफ्यांत घेवडा. मी बघत उभा राहिलो. मला त्या मातीचा वास येत होता, दुकानाचा. आईला काही येत नव्हता. म्हणाली, पावसाचा वास हाय.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. लक्ष्मीपूजनाला आईनं वाफ्याच्या कोपऱ्यावर पणती ठेवली. मला त्याचं हसू आलं नाही, का कोण जाणे.

मोहरी पोटरीला लागली. पानं कोंबडीच्या पंखाएवढी, निळसर हिरवी, कडेला जांभळी झाक. शेजारचा घेवडा मात्र रडतोय. पान पिवळं आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारखा. वेल वीतभर चढला आणि थांबला. आई म्हणते, बी जुनं होतं. तिनं त्याला राख घातली, शेण घातलं, शेवटी शिव्या घातल्या.

मोहरीवर ह्या दिवसांत मावा पडतो. सगळ्यांच्या बांधावरच्या मोहरीवर पडलाय, चिकट, काळा, बघून अंगावर काटा येतो. आमच्या मोहरीवर एक किडा नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवते. "लक्ष्मीची माती हाय. किडाबी तोंड लावत न्हाई."

शेठचा फोन नाही.

२८ नोव्हेंबर

दिवसाआड मोहरी. ताई स्वतः चुलीपुढं बसून घोटते. मक्याची भाकरी, लोणी. खाताना तिचे डोळे मिटतात. मी एक घास खाल्ला आणि उठलो. कडवट लागली, आणि मागून तीच गोडसर चव, पैशाची. आई म्हणाली, सेलमला भात गिळून गिळून तोंड बिघडलंय तुझं.

ह्या घरात सगळ्यांना सगळं आवडतं. मलाच सगळ्याची घाण येते. गटारीची, उसाच्या मळीची, पारावरच्या तंबाखूची, माझ्या स्वतःच्या हाताची. हात किती वेळा धुतले तरी नखाच्या कडेला काळी रेघ राहते.

ताईला कडेगावला दाखवलं. डॉक्टरीण म्हणाली, रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या. आई खूश. म्हणे, लोहाला पालेभाजी चांगली, अजून घालते. ताईच्या पोटात कळ येते अधूनमधून. माझ्याही पोटात येते, पण माझं जुनं आहे, सेलमपासूनचं. परवा पाण्याची घागर उचलली तर मनगटच खाली पडलं, हातातनं सुटली. आई म्हणाली, बसून खाऊन हातातलं बळ गेलं. बरोबर आहे. बसून माणूस सडतो.

१७ डिसेंबर

ताई आरशापुढं उभी राहून म्हणाली, "मी लय पांढरी दिसते का रं?" मी म्हणालो, गोरी झालीस. आई म्हणाली, पोरगी होणार.

शेठला मी फोन केला. जागा बघतोय म्हणाले. मागं कोणीतरी ढेकर दिला.

५ जानेवारी

डायरी संपली. पण सुरुवातीचे आठ महिने कोरे आहेत, म्हणून मागं फिरून गेल्या सालच्या जानेवारीत लिहितोय. वार चुकीचे आहेत, असू देत.

आज ताईचं डोहाळजेवण. मलकापूरहून दोन गाड्या भरून माणसं आली. फुलांचा धनुष्यबाण, पाळणा, फोटो. बायका गाणी म्हणत होत्या. ताई हिरव्या साडीत, मेणाच्या बाहुलीसारखी. ताटात पुरणपोळीशेजारी आईनं मोहरीची भाजी वाढली. सासरच्या बायका बोट लावून चाखत होत्या आणि एकमेकींकडं बघत होत्या.

दाजींची धाकटी बहीण संयोगिता कृषी महाविद्यालयात शिकते. हात धुवायला मोरीमागं गेली ती आलीच नाही. मी बघायला गेलो तर भरजरी साडी खोचून वाफ्यात उकिडवी बसलेली.

"कृष्णातदादा, ह्या घेवड्याला काय केलंत?"

"काय केलं? शिव्या घातल्या."

ती हसली नाही. एक रोप उपटून माझ्यापुढं धरलं. मूळ बोटाएवढं, तपकिरी, झिजलेल्या कुंच्यासारखं. बारीक केसाळ मुळं असतात तसली एकही नाही.

"ही माती कुठली?"

मी म्हणालो, "नदीचा गाळ हाय. येरळेचा."

का म्हणालो कळत नाही. रिवाजाची गोष्ट बाहेर सांगायची नाही म्हणून असेल.

ती मोहरीच्या वाफ्याकडं वळली. पान उलटंपालटं करून बघितलं. "मावा पण नाही हिच्यावर."

"न्हाईच पडत. चांगली हाय."

"चांगली दिसतीय," ती म्हणाली. मग वर्गात सांगितल्यासारखं सांगायला लागली. "आमच्याकडं शिकवतात. झाडाला पाय नसतात. जमिनीत विष आलं, म्हंजी शिसं आलं, कॅडमियम आलं, तर ते उठून दुसरीकडं जात न्हाई. मग काय करतं? घेवड्यासारखं झाड मुळाशीच अडवायला बघतं. मूळ जळतं, अन्न वर जात न्हाई, पान पिवळं पडतं, मरतं. मोहरीचं येगळं. ती विष आत घेती. पानात बारीक बारीक खोल्या असतात, त्या खोल्यांत एकेक कण कोंडून ठेवती. वरनं हिरवीगार. किडा पान चावतो, त्याला कळतं, तो येत न्हाई."

"मग तिला काय हुत न्हाई?"

"तिला लय दिवस काय हुत न्हाई. खाणाऱ्याला हुतं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "गाळच आहे ना? मी थोडी माती आणि पानं नेते. प्रयोगशाळेत देते. पंधरा-वीस दिवस लागतील. तवर वहिनीला ही भाजी देऊ नका."

आतून आईची हाक आली, "संयोगिताबाई, या की, भाजी गार व्हाय लागली."

शिसं हा शब्द ऐकला तेव्हा माझ्या तोंडात ती चव आली. पोतं उचलताना शेठ काय म्हणाले ते आठवलं. रवा-दोन रवे असत्यात कायम. कशाचे ते म्हणाले नव्हते.

६ जानेवारी

आईला म्हणालो, मोहरी बंद कर. ती म्हणाली, का? मी म्हणालो, बाधते. ती म्हणाली, "कुणी सांगितलं, त्या शिकल्याल्या पोरीनं? तिला म्हणावं आधी सैपाक शीक." ताई म्हणाली, "नणंद हाय, तिला माझं खाल्लेलं बघवत न्हाई." दोघी हसल्या. मी खरं सांगायला पाहिजे होतं. माती माझी. मी टेम्पोच्या टपावर बसून राखत आणली.

शेठना फोन लावला. सगळं सांगितलं. तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "कुणाला बोललास का?"

"न्हाई."

"बोलूबी नको. ही रिवाजाची माती हाय गड्या. गावात कुणाच्या परसात न्हाई ती? साठ वर्षं झाली, काय झालं कुणाला?"

मला शेठचे थोरले चुलते आठवले. त्यांचे हात असे लटकायचे, पंजे खाली, वाळत घातलेल्या धोतरासारखे. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो.

"आन् ऐक," शेठ म्हणाले, "गुवाहाटीला जागा मिळाली. एक तारखेला निघायचं. तयारीला लाग."

चार महिने ह्या फोनची वाट बघितली. आता फोन ठेवून मोरीत जाऊन ओकलो.

९ जानेवारी

तांबडं फुटताना सगळी मोहरी उपटली. मुळं तिथंच तोडून टाकली, नुसती पानं आणि दांडे घेतले. आई तांब्या घेऊन बाहेर आली आणि बघतच राहिली.

"आरं काय केलंस हे?"

"कीड पडली हुती."

"कीड कुठाय? दाव मला कीड. अक्ख्या गावाला म्या दावलंय, कीड न्हाई म्हणून."

ताई दारात उभी राहून रडली. म्हणाली, मी लवकर मलकापूरला जाते, तुला माझं हितं ऱ्हाणं जड झालंय. मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, "जा मग." असा मी आहे.

पाला माळावरच्या शेडात नेऊन पसरला. आधी तीन पाण्यांनी धुतला, पान-पान, दुकानातला न्यारा, सोन्याची झाडलोट, धुतो तसा, म्हणजे उद्या कोणी म्हणू नये की मातीच चिकटली होती. प्रयोगशाळेचं मला काय कळतं? मला एकच परीक्षा येते. वस्तूत काय आहे हे बघायचं तर ती जाळायची.

१७ जानेवारी

संक्रांतीला ताईनं मला तिळगूळ दिला नाही.

पाला खडखडीत वाळला. आज माळावर जाळला. राख चाळली, बसवली. राखेत टाकणखार आणि कोळशाची पूड घातली. सेलमहून आणलेली सोनं वितळवायची जुनी मूस होती, ती कोळशात ठेवून हातपंख्यानं वारा घातला. कितीदा तरी हे केलंय. सोनाराकडं आलेल्या बायका बाहेर बसायच्या आणि त्यांच्या पाटल्या माझ्या मुशीत पाणी व्हायच्या. आज माझ्या बहिणीची भाजी होती.

मूस लाल झाली, पिवळी झाली. मी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मागितलं की आतून काही निघू नये.

मूस उपडी केली. काचेसारखा मळ निघाला. गार झाल्यावर हातोडीनं हळू फोडला. आत रवा होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, गोल, भुरका.

तो घेऊन घरी आलो. आई ज्वारी निवडत होती, ताई तिच्याशेजारी पाय पसरून बसली होती. मी रवा पाटावर ठेवला.

आईनं उचलला. उजेडात धरला. तिचं तोंड असं खुललं की मला मारल्यासारखं झालं. "चांदी? मातीत घावली? बग, म्या म्हणत हुते. लक्ष्मी हाय म्हणून." उठली आणि देव्हाऱ्यातला करंडा घेऊन आली. त्या रव्याला कुंकू लावायला लागली.

मी म्हणालो, "आई, ते मातीतनं न्हाई निघालं. भाजीतनं निघालं. ताई खायाची त्या पाल्यातनं. आन् चांदी न्हाई ती. शिसं हाय."

तिला कळेना. मी तिच्या हातातनं रवा घेतला आणि ह्या डायरीच्या पानावर ओढला. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली. चांदीची अशी उठत नाही. ती रेघ इथंच खाली आहे, थोडं कुंकूही लागलंय.

"बसल्या जागेची माती म्हंजी सोनं काढून उरल्यालं शिसं. म्या आणली. संयोगिता म्हणाली तवा म्या तिला गाळ म्हणून सांगितलं. बारा दिवस झाले, मला म्हाईत हाय."

ताईनं दोन्ही हात पोटावर ठेवले, बोटं पसरून, कोणी आत हात घालणार असल्यासारखे. मग अगदी हळू म्हणाली, "किष्ण्या, आठ वर्षांनी हाय रं हे."

आईच्या बोटाला अजून कुंकू होतं. ती ते पदराला पुसत राहिली. पुसून झालं तरी पुसत राहिली.

२० जानेवारी

कराडच्या दवाखान्यात. संयोगिता मलकापूरहून थेट तिथं आली. मी तिला रवा दाखवला. मला वाटलं ती शाबास म्हणेल.

"जाळलंत?" ती म्हणाली. "मोकळ्यावर? दादा, पानातलं अर्धं त्या धुरात गेलं असंल. माळावर जनावरं चरतात."

मी ज्या गोष्टीला हात लावतो ती पसरते. मला माझ्या हाताची किळस आली. ताईपासून लांबच्या बाकावर जाऊन बसलो.

डॉक्टर वयस्कर होते. सगळं ऐकून म्हणाले, "माती कुठली, नक्की सांगा. त्यावर पुढचं ठरतं."

शेठनी कालच फोनवर शिकवलं होतं. बॅटरी फोडली म्हण, जुनी ट्रॅक्टरची. मातीचं नाव काढू नको, आन् काढलंस तर गुवाहाटीला येऊ नको. बॅटरी हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. ताई माझ्याकडं बघत होती. तिच्या ओठांना रंग नव्हता.

मी म्हणालो, "गलाईच्या दुकानाची माती हाय सायेब. सेलमहून म्या आणली. अकरा पोती. आन् आमच्या गावात ती घरोघर हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ताईचं रक्त घेतलं. मग मला म्हणाले, "इकडं या. ओठ वर करा." त्यांनी माझ्या हिरड्या बघितल्या, मग हात पुढं करायला लावले. डावा पंजा खाली लटकला.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"बसून हुतंय सायेब," मी म्हणालो.

"यांचंही रक्त घ्या," ते नर्सला म्हणाले.

२९ जानेवारी

रिपोर्ट आले. संयोगितानं नेलेल्या माती-पानांचाही आला, दोन्हींत शिसं. रक्तातलं शिसं पाचाच्या आत असावं म्हणतात. ताईचं अठरा. डॉक्टर म्हणाले, भाजी वेळेत थांबली, आता दूध, अंडी, कॅल्शियम घ्यायचं, दर पंधरा दिवसांनी तपासायचं. बाळाचं आत्ता काही सांगता येत नाही, जन्मल्यावर त्याचंही रक्त बघू. पण त्या घरात ठेवू नका.

माझं एकसष्ट. मला औषध सुरू केलं. मी भाजी एकच घास खाल्ली होती. मी तसं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला भाजीची गरजच नव्हती."

संयोगिता बाहेर आल्यावर म्हणाली, "सहा वर्षं तुम्ही मोहरी झाला हुता, दादा." मला राग आला. मग वाटलं, नाही, मोहरीला जागा बदलता येत नव्हती.

शेठच्या कानावर गेलं. त्यांनी फोन केला नाही. गुवाहाटीला दुसरा पोरगा निघालाय, वांगी गावचा.

१६ फेब्रुवारी

ताई गेली. पंधरा दिवस कराडच्या दवाखान्यातच होती, घरी नुसती ओटी भरायला आणली. पहिलं बाळंतपण सासरी. आईनं आयुष्यात असं ऐकलं नव्हतं. ओटी तिनं दोनदा भरली. शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या आणि कोणी काही विचारत नव्हतं, ते विचारण्यापेक्षा वाईट. गाडीत बसताना ताईनं मला जवळ बोलावलं. वाटलं काही बोलेल. तिनं माझ्या खिशात तिळगूळ घातला, महिन्याभराचा, पाक सुटलेला. मग गाडीचं दार ओढून घेतलं.

दाजींचा बर्फातून फोन आला होता. म्हणाले, मी येईपर्यंत तुझ्या आईला संभाळ. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संयोगितानं मोहरीचं बी पाठवलंय. चिठ्ठीत लिहिलंय, ह्याच वाफ्यांत परत पेरा. दर खेपेला थोडं थोडं वर ओढेल. फुलावर यायच्या आत कापायची. जाळायची नाही, जनावराला नाही, पोत्यात बांधून कुलपात ठेवायची, प्रदूषण मंडळाच्या कचेरीतली माणसं येऊन नेईपर्यंत. मी फोनवर विचारलं, किती खेपा? ती म्हणाली, "मोजू नका. नेटानं केलं तरी लय वर्षं."

मी बी पेरलं. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं. एका पत्र्यावर चुन्यानं लिहिलं, ही भाजी खायाची न्हाई. अक्षर नववीत शाळा सोडली तेव्हासारखंच आहे. पारावरचे येऊन वाचून हसून गेले. "किष्ण्या, राखण करतोस आन् खाणारबी न्हाई? मग पेरलीस कशाला?" हंबीरराव शेठचा भाऊ मला लांबून बघून थुंकला. गावाची अब्रू घालवली म्हणतात. आई आत बसून ज्वारी निवडते, निवडलेलीच परत निवडते. मला ह्या सगळ्याची किळस येते, पत्र्याची, बियाची, उद्या परत हिरव्यागार होणाऱ्या त्या पानांची. पाय सारखे स्टँडकडं वळतात.

दुपारी शेठच्या घरातली वैनी आली, त्याच भावाची बायको. कुंपणापाशी उभी राहून तिनं पत्रा वाचला, दोनदा वाचला असेल. मी आपलं पाणी घालत राहिलो. मग तिनं पदराखालून हात काढला. हातात घेवड्याचं रोप होतं, उपटून आणलेलं. पान पिवळं, शिरा हिरव्या.

"भावजी," ती म्हणाली, "आमच्या परसातलं हाय. जरा मूळ बगता का हेचं?"

मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, "वैनी, बसा."